अर्ध्या पुलावरची बाई

७ सप्टेंबर, रविवार

काल सोसायटीचा गणपती गेला आणि आज सासरची माणसं आली. मध्ये एखादा दिवस सोडला असता तर बरं झालं असतं.

माझ्या सासूबाई तुळजाबाई, ज्यांना मी लग्नापासून आत्याबाई म्हणते, आणि धाकटे दीर कुशाबाभाऊजी. भाऊजींनी जीप अशी लावली की तीन गाड्या अडल्या, आणि वॉचमनला म्हणाले, "ही जमीन आमच्या मावसभावाची व्हती." भूगावात पार्किंगवर हा दावा सांगणारा रोज एक तरी भेटतो.

आत्याबाई सरळ माझ्या नवऱ्याच्या, कैलासच्या पलंगापाशी गेल्या. जुलैत त्याला पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली तो हात मी उशीवर ठेवते तिथे पडून असतो. आत्याबाईंनी त्याच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं.

"ह्ये काय?"

"बाथरूममध्ये पडलो."

"पडलो म्हंजी?"

"तो पडला, मग मी त्याच्यावर पडले. सोबत म्हणून."

हसल्या नाहीत. वाटीत भात कालवला आणि त्याला भरवला. पठ्ठ्याने वाटी संपवली. माझ्यासमोर हाच माणूस आठ दिवस दात आवळून बसतोय.

मग त्या म्हणाल्या, "गावाला न्यायचा ह्याला. येकलीनं किती दिस रेटशील?"

भाऊजी म्हणाले, "वहिनी, दोन खोल्या काढल्यात. वीकेंडवाल्यांना सांगून टाकलं, आता जागा न्हाई म्हनून. धरणाचं पानी दिसतंय पलंगावरनं."

दोन खोल्या. एक त्याला आणि एक बहुतेक त्याच्या व्हीलचेअरला.

"पन पितरांच्या पंधरवड्यात माणूस हलवायचा न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "घट बसले की सकाळच्याला येतो. कापडं काढून ठिव."

"किती काढू?"

"असतील तेवढी. थंडीची बी."

म्हणजे थंडीपर्यंत परत पाठवायचा विचार नाही. मी म्हटलं, आधी कैलासला विचारू. भाऊजींनी विचारलं, "दादा, गावाला यायचं ना?" त्याने मान हलवली. मी विचारलं, "माझ्याजवळ राहायचंय ना?" त्याने मान हलवली. वाचा शिकवायला येतात त्या बाईंनी सांगितलंच होतं, सध्या त्याच्या हो-नाहीवर विसंबू नका. लग्नानंतरही मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

तर पितरांनी मला पंधरा दिवस दिले. सासरच्या जिवंत मंडळींपेक्षा मेलेली जास्त समजूतदार निघाली.

८ सप्टेंबर, सोमवार

बोलता येत नाही, लिहिता येत नाही, मान सगळ्याला हलते. त्याला काय हवंय हे कळायला माझ्याकडे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हॉलमधलं चित्र.

गेल्या हिवाळ्यापासून जुलैपर्यंत तो त्याच्यामागे होता. विषय शहरातला नदीवरचा पूल. दोन वर्षांपूर्वी तो पाडायला घेतला आणि आता पुन्हा बांधतायत, किंवा अजून पाडतायत. मी माझ्या सदरात त्याच्यावर इतक्यांदा लिहिलं की संपादक म्हणाले, आता पूल होईपर्यंत दुसरं काही बघा. चित्रात डावीकडे शहर: इमारती, निळे पत्रे, क्रेन, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'. उजवीकडे, जिथे खरं तर भाजी मंडई आहे, तिथे याने मुळशीचे डोंगर आणून ठेवलेत आणि खाली पाणी. मधला भाग नाही. दोन्ही टोकांतून गंजलेल्या सळया एकमेकींकडे बघतायत.

माणसं दोन, तीही अजून कोळशाची. माणसं तो शेवटी रंगवतो, कारण कोण कुठे उभं राहणार हे त्याचं शेवटपर्यंत ठरत नाही. कुणाला सरकवायचं झालं तर आधी तळहाताने पुसून टाकतो, मग दोन-दोन दिवस तिथे नुसता काळा डाग, आणि मग पलीकडे तोच माणूस नव्याने. बेडरूममधल्या चित्रातली म्हैस अशी चारदा नाहीशी होऊन तळ्याकाठी पोचली. मी म्हटलं होतं, खरी म्हैस एवढ्यात चालत गेली असती.

पहिला अर्थ लावला: ही महापालिकेवरची टीका आहे. त्याला सांगितलंही, "हे माझंच चोरलंयस." तो खिडकीबाहेर बघत राहिला. खिडकीबाहेर दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी दोन चमचे पेज. दुपारी काही नाही. संध्याकाळी मी त्याला समजावलं, अन्नाशी कसलं भांडण, खाल्लं नाहीस तर ताकद कशी येणार, फिजिओथेरपीवाला काय म्हणेल, तुझी आई मला काय म्हणेल. पाऊण तास समजावलं. पेज गार झाली.

११ सप्टेंबर, गुरुवार

चष्मा पुसून चित्रातली माणसं नीट पाहिली. डोंगराच्या बाजूला, तुटलेल्या टोकाशी, एक पुरुष स्टुलावर बसलाय. तो कैलास, पाठीच्या पोकावरून कळतं. शहराच्या बाजूला, तुटलेल्या टोकाशी, एक बाई उभी आहे. खांद्याला पिशवी. आणि तो तिच्याकडे बघतोय.

ही कोण?

शनिवारी मी पेपरात सदर द्यायला जाते. मेलने पाठवता येतं, पण समोर बसून भांडल्याशिवाय माझा एक शब्दही ते जसाच्या तसा छापत नाहीत. वर्षभर याच दिवशी कैलासही बाहेर असायचा. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणायचा. माझ्यानंतर घरी यायचा, चपलांना सिमेंटची धूळ. मी कधी विचारलं नाही. दुसऱ्यांची बिंगं फोडण्यात माझा शनिवार जात होता.

आज विचारलं. चित्रावर बोट ठेवून सरळ विचारलं, "ही बाई कोण आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं.

"मला नको विचारूस," मी म्हटलं. "मी तुला विचारतेय."

त्याने हात खाली ठेवला आणि डोळे मिटले. माझं वय चोपन्न. या वयात सवतीवरून भांडायचं, तेही मुक्या माणसाशी. माझ्या सदरात अशी बाई आली असती तर मी तिला सोडलं नसतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

जुईलीचा बंगळुरूहून व्हिडिओ कॉल. तिला फोनवर चित्र दाखवलं. म्हटलं, तुझ्या वडिलांची मैत्रीण बघ.

"आई, ती तू आहेस."

"मी एवढी जाड नाही."

"आई, पिशवी बघ. आणि तोंड उघडं आहे."

चंद्राबाईंना बोलावलं. त्या सकाळी कैलासचं अंग पुसायला आणि उठवून बसवायला येतात. त्यांना अर्थ वगैरे न सांगता नुसतं विचारलं, ही कोण वाटते. त्या म्हणाल्या, "तुमीच की, ताई. भांडताय कुनाशी तरी."

तर सवत मीच. पाच मिनिटं बरं वाटलं. मग चित्र पुन्हा पाहिलं आणि ते बरं वाटणं गेलं. हा स्वतः त्याच्या डोंगरांच्या, त्याच्या आईच्या काठावर. मी या काठावर, तुटलेल्या कडेला. मधे पाणी. आणि हे त्याने जुलैच्या आधी काढलंय, धडधाकट असताना. म्हणजे जायचं त्याने तेव्हाच ठरवलं होतं. आता नुसती जीप यायची आहे.

सगळं एका गोष्टीवर अडलंय. चित्रातला पूल बांधतायत की पाडतायत? बांधत असतील तर मी पलीकडे जाऊ शकते. पाडत असतील तर चित्र पुरं झालेलं आहे.

सळयांकडे तासभर बघत बसले. सळयांना काही कळत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

चंद्राबाईंना थांबवून खऱ्या पुलावर जाऊन आले. मोबाइलमध्ये चित्राचा फोटो होता. क्रेन, पाण्याची टाकी आणि देवळाचा कळस एकमेकांवर जिथून तसे येतात ती जागा शोधत मंडईच्या बाजूला फिरले. लोकांना वाटलं फ्लॅट बघतेय. एकाने कार्ड दिलं.

जागा सापडली. रसाच्या गुऱ्हाळामागचा ओटा. तिथून बंद पुलाचं पलीकडचं टोक दिसतं आणि त्याला लागून बसस्टॉप. शनिवारी संपादकांशी भांडून झालं की मी तिथेच बसची वाट बघत उभी असते.

पूल चालू होता तेव्हा तो मला न्यायला स्कूटर घेऊन यायचा. पूल बंद झाला, वळसा पडायला लागला. मी म्हटलं, "येत नको जाऊस. तुझ्या वळशापायी माझा अर्धा दिवस जातो." तो बरं म्हणाला आणि यायचा थांबला, असं मी धरून चालले होते. तो येतच होता. अलीकडच्या काठापर्यंत. इथे बसून मी बसमध्ये चढेपर्यंत बघायचा आणि मग स्वतः घरी यायचा.

बायकोवर पाळत ठेवण्याला कायद्यात काय म्हणतात ते बघायला हवं.

पत्र्याच्या कडेला वॉचमन होता, बिहारकडचा असावा. त्याला विचारलं, "भैया, तोड रहे हैं या बना रहे हैं?"

"दोनों चालू है, मॅडम."

ओट्यावर बसले. उठवेना. तीस वर्षं मी लोकांना, कुणाचं काय चुकलं ते आठशे शब्दांत सांगत आले. एक माणूस काय म्हणतोय हे मला कळत नाहीये, आणि दिवस भराभर चाललेत. गुऱ्हाळवाल्याने न सांगता रस आणून दिला. म्हणाला, आजी, बरं नाही का? आजी म्हणाला तरी मी त्याला काही बोलले नाही. यावरून काय ते समजावं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टर येऊन गेले. वजन असंच उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल म्हणाले. हे त्याच्यासमोर म्हणाले, आणि त्याने मान हलवली, हो.

ते गेल्यावर मी त्याच्यासमोर वाटी घेऊन बसले. रागावले, विनवलं, नकला केल्या. एकेकाळी माझ्या नकलांवर तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. शेवटी रडले. दात आवळलेलेच. आत्याबाईंना फोन केला. दुसरं कुणी सुचेना.

"आत्याबाई, तो खात नाही. मी काय करू?"

"तू घास धरती तवा काय करतीस?"

"समजावते."

"बोलू नगंस. घास धर आन गप ऱ्हा."

"एवढंच?"

"त्येवढं तर करून बघ." मग म्हणाल्या, "तुजं लिवायचं टेबल केवढं हाय? कुशा इचारतोय."

"चार फुटी. का?"

"खिडकीपाशी बसंल मग," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

म्हणजे माणूस जातोच आहे, टेबलही हवंय. कैलासच्या औषधांच्या बाटल्या ठेवायला असेल. या घरातलं काय काय नेणार आहेत ते एकदाच सांगा म्हणावं.

संध्याकाळी घास धरून गप्प बसले. किती वेळ ते माहीत नाही. आपल्याच घरात इतकी शांतता असते हे मला ठाऊक नव्हतं. भिंतीतला नळ वाजतो, वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. अर्धी वाटी खिचडी खाल्ली.

योगायोग असावा. भूक लागली असेल.

२० सप्टेंबर, शनिवार

उद्या सर्वपित्री, परवा घट. मला आज उत्तर हवं होतं.

चंद्राबाईंच्या मदतीने त्याला खुर्चीत बसवून चित्रासमोर नेलं. कोळशाची कांडी डाव्या हातात दिली. म्हटलं, "तुला काय म्हणायचंय ते इथे पुरं कर. मी काही बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाही, चंद्राबाई साक्षीला आहेत.

त्याने कांडी मांडीवर ठेवली. मग डावा हात उचलला, पुढे नेला, माझ्यावर ठेवला आणि मला पुसलं. तळहाताने, नीट, कडा-कोपऱ्यांसकट. पिशवी पुसली. तोंड पुसलं. शहराच्या टोकाशी नुसता काळा डाग राहिला.

मग कांडी उचलली, हात डोंगराच्या बाजूला नेला, त्या स्टुलावरच्या माणसाच्या शेजारी. एक रेघ ओढली, उभी, वाकडी. हात दमला, कांडी गळून पडली आणि तुटली. त्याने माझ्याकडे पाहिलं. घामाने कपाळ भिजलं होतं आणि तो हसत होता. म्हणजे चेहऱ्याची डावी बाजू हसत होती.

मी पंधरा दिवस उत्तर मागत होते. ते मिळालं. मला पुसलं आणि खाली रेघ मारली. याच्याहून स्पष्ट मीसुद्धा कधी लिहिलं नाही.

चंद्राबाई म्हणाल्या, "ताई, साहेबांना पानी देऊ?" मी द्या म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

२१ सप्टेंबर, रविवार

कपडे भरले. शर्ट, पायजमे, स्वेटर, कानटोपी. तो पलंगावरून बघत होता. बॅग भरत आली तेव्हा त्याने डाव्या हाताने माझ्या कपाटाकडे बोट केलं.

"त्यात तुझं काही नाही," मी सांगितलं.

बोट तसंच.

"कैलास, ते माझं कपाट आहे. त्यात माझे कपडे आहेत."

मान हलवली, हो. त्याचं हो कशालाही असतं. त्याला थंडी वाजत असेल म्हणून माझी शाल काढून बॅगेत टाकली. त्यावर बोट खाली आलं, पण चेहऱ्यावर काही समाधान दिसलं नाही. शाल तपकिरी आहे. त्याला तो रंग कधीच आवडला नाही.

दोन वेळा पोटभर जेवला. मी दोन्ही वेळा गप्प होते. बोलण्यासारखं उरलं नव्हतं.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवून आत्याबाई आणि भाऊजी सकाळी आले. आज जीप नीट लावली होती. मागची सीट पूर्ण पुसलेली, उशा घातलेल्या. कैलासला खिडकीशी बसवलं, शेजारी जागा मोकळी होती. आत्याबाई पुढे बसल्या.

मी बॅग ठेवली. आत्याबाईंनी बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुजी पिशवी कुटं हाय?"

"माझी कशाला? त्याचं सगळं दिलंय त्यात."

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मंग तुमी कवा?"

"बघू. कामं आहेत."

"बरं," आत्याबाई म्हणाल्या आणि समोर बघायला लागल्या. इतकं पडलेलं तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. जिंकून एवढा चेहरा पाडणारी बाई विरळाच.

दार लावायला गेले तर लागेना. कैलासने दाराची कड पकडून ठेवली होती. भाऊजी म्हणाले, "दादा, सोड, बोट चेमटंल." सोडेना. पक्षाघातात हात असा आखडतो. फिजिओथेरपीवाल्याने मला तो सोडवायला शिकवलंय, ओढायचं नाही, आधी अंगठा वळवायचा, मग करंगळीकडून एकेक बोट. मी भाऊजींना बाजूला केलं आणि अंगठा वळवला, मग एकेक बोट सोडवलं. जोर बराच होता. एक सुटलं की आधीचं पुन्हा धरायचं. मी एक शब्दही बोलले नाही, आता ते मला जमतं. शेवटचं बोट सुटलं, हात त्याच्या मांडीवर ठेवला, दार लावलं. जीप पौडच्या दिशेने गेली.

वर येऊन भांडी घासली.

दुपारी जुईलीचा फोन आला. "पोचलात का?"

"ते पोचले असतील. मी इथेच आहे."

"इथेच म्हणजे? काकांनी तुझ्या टेबलासाठी खिडकीपाशी प्लग काढून घेतलाय. आजी पंधरा दिवस मला फोन करून विचारतेय, तुझ्या आईला पोहे चालतात का सकाळी, का पाव लागतो."

"मला कुणी ये म्हटलेलं नाही."

"आई, तिथे घरच्या माणसाला ये म्हणतात का? ये पाहुण्याला म्हणतात. तुझ्या लग्नाला तीस वर्षं झाली ना?"

मी फोन ठेवला. तिला काहीतरी बोलले असेन आधी, आठवत नाही.

तेव्हापासून इथे बसले आहे. चित्र समोर आहे, त्याच्याकडे बघत नाही. सकाळचं सगळं ओळीने लिहून काढलं, म्हणजे कुठे काय झालं ते दिसेल. लिहीत लिहीत जीपच्या दारापर्यंत आले आणि हात थांबला.

त्याचा उजवा हात उशीवर होता. मीच ठेवला होता, बसवल्या बसवल्या. दार धरलं होतं ते डाव्या हाताने.

डाव्या हाताला काहीही झालेलं नाही.